सापडले ते आधी कुणाला सांगायचे?

(माळशिरस येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथा विषय एका ओळीचा आहे : 'नोंदवह्यांबाबत निर्णय'. ओळ लहान आहे, म्हणून जेवणाच्या आधी पाच मिनिटांत तो उरकला जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही बोलायला उभे आहोत.

ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्यातले काही शेतकरी गेले काही हंगाम एकाच रानात दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवून तुलना करत आहेत. एका पट्ट्यात नेहमीची रीत, दुसऱ्यात नवी. कुणी उसाच्या सरीतले अंतर बदलले, कुणी पाण्याच्या पाळ्या कमी केल्या, कुणी ज्वारीची निवडक कणसे बाजूला काढून त्यांचे बी वेगळे पेरले. जे झाले ते वहीत लिहिले. आता या वह्या एका निविष्ठा कंपनीच्या अधिकाऱ्याने मागितल्या आहेत. बदल्यात कंपनी पुस्तिका छापून देणार, मेळाव्याचा मांडव घालणार आणि जेवण देणार.

यावर आपल्यात चार मते आहेत. एक म्हणतो, देऊन टाका, आपल्याला छपाईचा खर्च कुठे झेपतो? दुसरा म्हणतो, कुणालाच देऊ नका. तिसरा म्हणतो, वर्तमानपत्रात द्या, नाव होईल. चौथा म्हणतो, विद्यापीठाला द्या, त्यांनी शिक्का मारला की मगच बोला. चौघेही आपलेच आहेत आणि चौघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य आहे. घोटाळा होतो तो सगळ्या वह्यांना एकच उत्तर लावल्यामुळे.

आम्ही कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलेली माणसे. तिथे आम्हाला प्रयोग कसा मांडायचा, आकडे कसे तपासायचे हे शिकवले. पण निघालेला निष्कर्ष कुणाला, कुठे आणि कोणत्या क्रमाने सांगायचा, याचा तास कधी झाला नाही. परीक्षेत त्याला गुणच नव्हते. तो धडा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला रानातच मिळाला आहे, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली आहे.

तांदूळवाडीचा मका

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत दिसली. तिच्याबद्दलचा शास्त्रीय लेख त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छापून आला. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना ती मक्यावर सापडली. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने जुलैअखेर इशारा काढला. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातली पहिली नोंद झाली ती आपल्या माळशिरस तालुक्यातल्या तांदूळवाडीच्या मक्यावर. पाठोपाठ सांगली जिल्ह्यात ती उसावरही दिसली.

मे ते सप्टेंबर हे महिने बोटावर मोजा. या अळीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. त्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही आणि राज्याचीही नाही.

आता शिवमोग्याच्या शास्त्रज्ञांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अळी वेगळी दिसते आहे, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी अळ्या आपल्याकडे आहेत. लगेच ओरडावे आणि ती दुसरीच निघाली, तर हजारो शेतकरी उगाच औषधाच्या बाटल्या विकत घेतील. गप्प बसून पूर्ण खात्री होईपर्यंत थांबावे, तर तोवर पतंग पुढच्या तालुक्यात जाईल. त्यांनी नमुने तपासले, जनुकीय खूण जुळवली, तज्ज्ञांकडून ओळख पक्की करून घेतली आणि त्याच वर्षी लेख छापला. शास्त्राच्या बाजूने हे काम चोख झाले. तसा लेख नसता तर पुढचे सरकारी इशारे कशाच्या आधारावर निघाले असते?

पण शेतकऱ्याचे घड्याळ वेगळे चालते. मादी पुंजक्यात अंडी घालते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात. लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडते आणि पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसतात. त्या वेळी पुंजके हाताने चिरडले, निंबोळीचे औषध मारले, तर पुष्कळ काम होते. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरली आणि वर तिच्या विष्ठेचा भुसा साचला, की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे आठ-दहा दिवस आधी कळणे आणि आठ-दहा दिवस उशिरा कळणे यात अख्ख्या पिकाचा फरक पडतो.

शास्त्रज्ञाला लेख हवा, तसे शेतकऱ्याला काय हवे होते? एक ओळ. 'डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके दिसले, तर ही नवी अळी.' एवढी ओळ फळ्यावर लिहिली तर शाळेतले पोरही पोंगा उघडून ओळख पटवू शकते. आणि हा फळा लावायचा कुठे? तालुक्याच्या कार्यालयात लावला तर तो कामापुरता आलेल्या माणसालाच दिसेल. आपल्याकडे मका लावतो तो मुख्यतः वैरणीसाठी, मुरघासासाठी. लावणारा दूध घालतो. दूध घालणारा माणूस सकाळ-संध्याकाळ डेअरीवर येतोच येतो. तेव्हा मक्याच्या अळीचा फळा दूध संकलन केंद्रावर लागला पाहिजे.

यातून पहिला नियम निघतो. धोक्याची बातमी असेल तर ती त्याच दिवशी, ज्याचे पीक जाणार त्याला आणि त्याच्या रोजच्या वाटेवर सांगायची. खात्री झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहायचे : 'संशय आहे, नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवला आहे, उत्तर आले की याच फळ्यावर लिहू.' या दोन ओळींनी घबराटही होत नाही आणि वेळही जात नाही.

डाळिंबवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. तेल्या रोगाने आपल्या जिल्ह्यातल्या बागांचे काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. हा रोग रोगट गुटीबरोबर नव्या बागेत जातो, पावसाच्या थेंबांनी आणि छाटणीच्या कात्रीने पसरतो. ज्याच्या बागेत तेल्या आला त्याने भाव पडेल म्हणून तो लपवला आणि गुटी विकली, तर दहा घरे बुडतात. धोक्याची माहिती ही खाजगी मालमत्ता नसते.

आपल्याच मातीचा लेख

दुसरे उदाहरण जुने आहे आणि आपल्या पायाखालचे आहे. शेजारच्या फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे बसू आणि सिरूर या शास्त्रज्ञांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवा यांच्याखालच्या जमिनींची पाहणी केली. खड्डे घेऊन मातीचे थर, खोली, क्षार आणि निचरा तपासला, जमिनींचे प्रकार पाडले, आणि १९३८ साली ते शास्त्रीय नियतकालिकात इंग्रजीत छापले. नीरा उजवा कालवा म्हणजे आपला कालवा. आपल्या बापजाद्यांच्या रानाचा तो अभ्यास होता.

छापून ठेवल्याचा फायदा आधी मान्य करू. आज ऐंशीहून अधिक वर्षांनी तो लेख काढता येतो, तपासता येतो, पुढचा माणूस त्यावर काम करू शकतो. तोंडी सांगितलेले एवढे टिकत नाही. म्हणून 'लेखाबिखाची गरज नाही, आपण आपले बांधावर बोलू' म्हणणाऱ्यांना आमचा नकार आहे.

पण आता या मांडवात एक प्रश्न विचारतो. आपल्या गटातली माती त्या प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची आहे, तिला किती पाणी सोसते, चर कुठे काढला पाहिजे, हे किती जणांना ठाऊक आहे? कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला, आणि निचरा नसलेल्या कितीतरी जमिनी हळूहळू पांढऱ्या पडल्या, चोपण झाल्या. चोपण झालेले रान सुधारायला जिप्सम, चर, हिरवळीची खते आणि कित्येक वर्षे लागतात. पाणी बेताने द्यायला काहीच लागत नाही, फक्त माहिती लागते.

लेख चुकीच्या जागी छापला असे आम्ही म्हणत नाही. तो योग्य जागी छापला. त्याची दुसरी प्रत मराठीत, गावाच्या नकाशावर, गट नंबर घालून सोसायटीच्या भिंतीवर लागायला हवी होती. जमिनीसारख्या दीर्घ मुदतीच्या गोष्टीचा निष्कर्ष दोन ठिकाणी हवा : ग्रंथालयात, म्हणजे तो मरत नाही, आणि गावच्या भिंतीवर, म्हणजे तो उपयोगी पडतो.

बियाणे हातातून जाण्याआधी

आता चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ. तिथे ऊस नाही, भात आहे, पण गोष्ट आपल्या ज्वारीचे बी निवडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे दीड एकर जमीन होती. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. बारीक, चवदार तांदूळ तयार झाला. शेजाऱ्यांना बी दिले. व्यापाऱ्याने १९९० मध्ये त्याला त्या काळी गाजलेल्या घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. हा तांदूळ पुढे दूरवर पोचला.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ते बी प्रयोगासाठी नेले आणि १९९८ साली पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे, की आम्ही वाणाचे शुद्धीकरण केले. दादाजींचे म्हणणे असे, की मूळ शोध माझा, त्याचे श्रेय मला मिळाले नाही. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांची बाजू उचलून धरली, २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, २०१० साली परदेशी मासिकाच्या यादीत नाव आले. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत घरची ओढाताण संपली नव्हती.

दादाजींनी बी वाटले यात त्यांचा काय दोष? बी वाटणे हाच शेतकऱ्याचा धर्म आहे. तो वाटत आला म्हणून तर आज ज्वारीची मालदांडी आपल्या कोठीत आहे. उणीव होती ती कागदाची. कोणते बी, कधी, कुणाला, कशासाठी दिले याची दोन साक्षीदारांसह नोंद, आणि ती नोंद मानणारा कायदा. तेव्हा असा कायदाच नव्हता. आज आहे.

२००१ च्या वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि त्यासाठी त्याला फी माफ आहे. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा आहे. फक्त ब्रँडचा शिक्का मारून विकता येत नाही. आणखी एक मुद्दा वहीवाल्यांनी लिहून घ्यावा. नवा वाण म्हणून नोंदणी करायची असेल तर आपल्या देशात विक्री सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नुसते चाचणीसाठी बी दिले एवढ्याने हक्क जात नाही. म्हणून बियाण्याबाबत क्रम असा : आधी वही, साक्षीदार आणि तारीख, मग चाचणीसाठी लेखी पोच घेऊन बी, मग नोंदणीचा अर्ज, आणि त्यानंतर मोकळ्या हाताने वाटप.

मशागतीच्या रीतीचे तसे नाही. सरीतले अंतर, पाण्याची पाळी, पाचटाचे आच्छादन, ही शेतीची पद्धत झाली. आपल्या पेटंट कायद्यात शेतीच्या पद्धतीला पेटंटच नाही. तुमची रीत कुणी कुलपात घालू शकत नाही. मग ती लपवून काय मिळणार? जेवढे जास्त लोक करून पाहतील तेवढी ती कुठल्या मातीत चालते आणि कुठे फसते हे लवकर कळेल.

एकच ऊस, दोन तराजू

कारखान्याच्या भागात आहोत, तेव्हा उसाचेही बोलू. पाडेगावने २००७ साली फुले २६५ हा वाण दिला. वजनाला भारी, खारपड रानातही तग धरणारा. शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. पण तो उशिरा पक्व होतो. लवकर तोडला तर साखर कमी उतरते. त्यामुळे अनेक कारखान्यांनी त्याच्या नोंदीला हात आखडता घेतला. शेतकरी म्हणतो वाण उत्तम, कारखाना म्हणतो वाण वाईट. खरे कोण?

दोघेही आपापल्या तराजूवर खरे. शेतकऱ्याच्या काट्यावर टन मोजले जातात. कारखान्याचा हिशेब उताऱ्यावर चालतो. उसाची एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२२-२३ पासून त्याचा पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे. एकट्याच्या उसात साखर जास्त की कमी, हे त्याच्या बिलात वेगळे दिसत नाही. दिसते ते फक्त वजन.

म्हणून आपल्या वहीत नुसते 'एकरी इतके टन' लिहून भागणार नाही. किती महिन्यांचा ऊस, लागण की खोडवा, किती पाळ्या पाणी, खताचा आणि मजुरीचा खर्च किती, तोड कोणत्या महिन्यात आली, रान कसले, हे सगळे रकाने हवेत. ज्या निष्कर्षात खर्चाचा रकाना नाही तो शेतकऱ्याच्या कामाचा नाही. मोबाईलवर रोज चित्रफिती येतात, उंच उसात उभा माणूस आणि वर मोठा आकडा. त्यात शेजारचा साधा पट्टा कधी दिसत नाही आणि दुकानाचे बिलही दिसत नाही.

वह्यांचे काय करायचे

आता चौथ्या विषयाकडे येतो. कंपनीशी आमचे वैर नाही. चांगले औषध, चांगले बियाणे कुणीतरी करून विकलेच पाहिजे. पण कंपनी पुस्तिका कशासाठी छापेल? तिची बाटली ज्या पट्ट्यात जिंकली तो पट्टा छापेल. जिथे फरक पडला नाही तो गाळेल. यात लबाडी नाही, तो तिचा धंदा आहे. आपला धंदा वेगळा आहे. आपल्याला जिंकलेला पट्टा जितका मोलाचा, तितकाच फसलेलाही. एका शेतकऱ्याने शंभर रुपये घालवून जे फसल्याचे पाहिले, ते शेजाऱ्याला कळले तर त्याचे शंभर वाचतात. सगळा हिशेब एवढाच आहे.

वर्तमानपत्राचेही तसेच. तिथे जावे, पण शेवटी जावे. एका हंगामाच्या, एका रानाच्या गोष्टीला मोठा मथळा मिळाला की गावोगाव लोक तसेच करतात, आणि पुढच्या वर्षी पाऊस वेगळा पडला की शिव्या शेतकरीच खातो.

तेव्हा आमचा ठराव पुढीलप्रमाणे आहे.

१) रोग-किडीची नोंद त्याच दिवशी गावच्या दूध केंद्रावर आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहायची. नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवायचा आणि आलेले उत्तरही तिथेच लिहायचे.

२) मशागत, पाणी, खत यांच्या नोंदी आधी शिवारफेरीत दाखवायच्या. दोन्ही पट्टे उभे असताना, पीक काढण्याआधी. आलेल्यांनी स्वतः कणसे, ताटे मोजायची. शंका काढणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे आणि त्याचा प्रश्नही.

३) वेगळे बियाणे निघाले असेल तर ते हातातून जाण्याआधी साक्षीदारांसह नोंद आणि लेखी पोच. अर्जाचे काम जिल्हा समितीने करून द्यायचे.

४) निदान दोन हंगाम आणि वेगवेगळ्या मातीची तीन-चार गावे झाल्याशिवाय 'शिफारस' हा शब्द वापरायचा नाही. तोवर 'पाहिलेले' म्हणायचे. त्यानंतर वह्यांची नक्कल पाडेगाव, मोहोळ, सोलापूर इथल्या संशोधन केंद्रांना द्यायची आणि चुका दाखवा म्हणून लेखी विनंती करायची.

५) फसलेल्या पट्ट्यांसह सगळ्या नोंदी आपल्या पैशाने, साध्या कागदावर, मराठीत छापायच्या. सभासदाने वर्षाला एका पिशवी युरियाच्या किमतीइतकी वर्गणी दिली तरी हे भागते.

६) छापून झाल्यावर प्रत कुणालाही मिळेल, कंपनीलाही. मात्र कुणालाही एकट्याला हक्क नाही, आणि शेतकऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याचे नाव किंवा छायाचित्र जाहिरातीत नाही.

या ठरावाने आपण मांडव आणि जेवण गमावतो, हे खरे आहे. पुस्तिका गुळगुळीत कागदावर निघणार नाही. यंदाच्या मेळाव्याला भाकरी घरून बांधून आणावी लागेल. पण पुढच्या सप्टेंबरात एखाद्या पोंग्यात काही नवे दिसले, तर ते कुणाला विचारून सांगायचे हा प्रश्न आपल्याला पडणार नाही.

विरोध असेल त्यांनी आत्ता, इथेच बोलावे. बाहेर पानटपरीवर नको. त्यानंतर हात वर करून मत घेऊ, आणि मगच जेवायला बसू.